तांडेलांच्या सतरा चुका

संशोधन केंद्राची बोट चालवणाऱ्या तांडेलांना धक्क्यावर सगळे कॅलेंडर म्हणायचे, आणि तांडेलांना ते मनापासून आवडायचं. कोणता मासा कधी आत शिरतो, खेकडे उथळ पाण्यात कधी येतात, जेलीफिशचा वैताग कोणत्या आठवड्यात सुरू होतो, हे कुणीही विचारावं आणि तांडेलांनी मान जरा वर करून, डोळे बारीक करून तारीख सांगावी. तारीख चुकली तर चूक माशाची असायची.

तिथल्या पाण्याला सगळे खाडी म्हणत, पण ती नुसती सवय. खरं तर तो लहानसा उपसागर होता. तिन्ही बाजूंना जमीन, चौथीकडे मोकळा समुद्र, आणि मधे एवढं पाणी की या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येऊ नये. चौदाव्या वर्षापासून तांडेल या पाण्यावर होते. पन्नाशी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःची बोट काढून टाकली आणि केंद्राच्या बोटीवर नोकरी धरली. काम बेताचं होतं. पाहुण्यांना फिरवून आणायचं, पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, इंजिन पुसून ठेवायचं.

मग डॉक्टरबाई आल्या.

बदली होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा आणि अकरा खोकी होती. डॉक्टर आहेत एवढंच ऐकून तांडेलांनी पहिल्याच दिवशी त्यांना उजवा गुडघा दाखवला. बाईंनी तो नीट वाकून पाहिला आणि म्हणाल्या, "मी खेकड्यांची डॉक्टर आहे, तांडेल. खेकड्याचा पाय गेला तर पुन्हा येतो. तुमचं तसं नाही, तेव्हा जपून राहा."

बाईंचं काम असं होतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तीन ठिकाणी जायचं: नदी येऊन मिळते ते तोंड, मधला खोलगट भाग आणि दीपगृहाखालचा खडक. प्रत्येक ठिकाणी तळाशी जाळं टाकून बरोबर पंधरा मिनिटं ओढायचं आणि जे वर येईल ते मोजायचं. मासे, खेकडे, कोळंबी, शंख, तारामासे, सगळं. मोजून झालं की जिवंत ते पाण्यात परत. वर्षभरात कोण कधी येतं, कोण कधी जातं, कोण मुक्कामाला राहतं, याचा हिशेब बाईंना लावायचा होता.

जानेवारीतल्या पहिल्या फेरीला तांडेलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सुकाणूवर हात ठेवून विचारलं, "एवढं करण्यापेक्षा मला विचारा ना. बारा महिन्यांचं आत्ता बसून सांगतो. दुपारच्या जेवणापर्यंत तुमचं काम संपेल."

दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. बाईंनी मात्र वही उघडली, पट्टीने उभी रेघ मारली आणि तिच्या डोक्यावर लिहिलं: तांडेल.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण एकदम बारा महिन्यांचं नको. दर वेळी जाळं टाकायच्या आधी सांगा, मी लिहून घेते. मग जाळं काय म्हणतं ते बघू."

"लिहून?"

"आणि खाली सही करा. नंतर वाद नको."

तांडेलांना सही करायला फार आवडायचं. त्यांची सही नावापेक्षा लांब होती आणि शेवटी तिला शेपूट होतं. त्यांनी सांगितलं: थंडीचे दिवस आहेत, तळाला शंखातले खेकडे, तारामासे, चार-दोन चपटे लेपे मासे, बाकी शुकशुकाट. तिन्ही ठिकाणी जाळं वर आलं. शंखातले खेकडे, तारामासे, पाच लेपे, बाकी शुकशुकाट.

तांडेल घरी गेले ते छाती पुढे काढून. बायकोने दार उघडलं, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं? पगार वाढला की कुणी कॅलेंडर म्हटलं?"

तांडेलांची बायको लिलावाच्या शेडमध्ये काट्यावर बसायची. सत्तावीस वर्षं. समुद्रातून जे काही बाहेर आलं ते आधी तिच्या काट्यावर चढायचं आणि मगच जगात जायचं. बोलायची कमी, आणि जे बोलायची तेही वजन केल्यासारखं.

"लेपे चार म्हटले होते, पाच आले," तांडेल म्हणाले. "एवढाच फरक."

"मग चुकलंच की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

फेब्रुवारीत तांडेलांनी डोळे बारीक न करताच सांगून टाकलं: तोंडाशी काही नाही, कोळंबीची पिल्लं मार्चच्या शेवटाला येतील. सही केली. जाळं वर आलं आणि ट्रेमध्ये ओतलं, तर बोटाच्या पेराएवढ्या काचेसारख्या कोळंबीने ट्रे उसळायला लागला. बाई मोजत बसल्या. दोनशे अठरा.

"वारा उलटा होता परवा," तांडेल म्हणाले. "ढकलली गेली असतील बिचारी."

बाईंनी वहीत आणखी एक रेघ मारली. वर लिहिलं: शेरा. खाली लिहिलं: वारा उलटा होता.

"हे कशाला लिहिता?"

"सगळंच लिहायचं असतं, तांडेल. तुमचं कारण खरं असेल तर पुढे उपयोगी पडेल."

मार्चमध्ये तांडेल म्हणाले, माकूळ (बाईंच्या भाषेत स्क्विड) अजून महिनाभर दिसणार नाही. खडकापाशी एकवीस माकुळं आली. त्यातल्या एकाने वर येता येता तांडेलांच्या नव्या शर्टवर शाई सोडली. शेरा: चंद्राचा दोष. त्या दिवशी घरी बायकोने शर्ट भिजत घालताना विचारलं, "माकुळाला तुमची तारीख कळवली नव्हती का?"

"हे बाहेरच्या समुद्रातलं माकूळ. आपलं नव्हे."

"बरं," ती म्हणाली. "काट्यावर गेल्या आठवड्यापासून चढतंय, तेही बाहेरचंच असेल."

एप्रिलची गोष्ट मात्र वेगळी होती. ती नीट कळायला सव्वीस वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा खाडीत खेकड्यांची मासेमारी दोन महिने बंद ठेवायचं ठरलं, म्हणजे माद्यांना अंडी घालता यावीत. बंदी कधीपासून, यावर बंदराच्या कचेरीत दोन दिवस भांडण चाललं होतं. शेवटी एकतीस वर्षांचा एक तरुण तांडेल उठला आणि म्हणाला, मेच्या पहिल्या आठवड्याआधी एक मादी अंडी घेऊन उथळ पाण्यात आली तर मी बोट सोडीन. म्हणून बंदी एक मेपासून. कचेरीतल्या फळ्यावर दर वर्षी ती तारीख लागायची आणि तांडेल फळ्यासमोरून जाताना पावलं थोडी हळू टाकायचे. ती तारीख त्यांची होती. कुणाच्या नावाचा रस्ता असतो, कुणाच्या नावाचा पूल. तांडेलांच्या नावाची तारीख होती, फक्त तिच्यावर नाव नव्हतं.

तेव्हा एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी ठणकावून सांगितलं: खेकडे येतील, पण नर. अंड्यांच्या माद्या एकही नाही. सहीचं शेपूट पानाबाहेर गेलं.

तोंडाशी जाळं वर आलं. एक्केचाळीस खेकडे. बाईंनी हातमोजे घातले आणि एकेक उचलून उलटा करून बघायला लागल्या. अंडी असलेली मादी ओळखायला डॉक्टर लागत नाही. पोटाखाली नारिंगी स्पंज चिकटवल्यासारखा दिसतो. अठ्ठावीस माद्यांच्या पोटाखाली तो स्पंज होता. तीन माद्यांचा तर काळपट झाला होता, म्हणजे अंडी फुटायला आली होती.

बाई पेन उघडं धरून थांबल्या होत्या.

"शेरा?" त्यांनी हळूच विचारलं.

तांडेलांनी वाऱ्याकडे पाहिलं, वारा नव्हता. चंद्र तर दिवसाचा कुठून असणार. "जाळं," ते म्हणाले. "जाळं तुम्ही नीट बांधलं नव्हतं."

त्याच वेळी शंभर हातांवर त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खेकड्यांचे सापळे उचलत होता. त्याने लांबूनच हाक मारली, "दाजी, काय म्हणतंय विज्ञान? आमच्या सापळ्यात नुसती गर्दी आहे. पण साले वर्षाला कमीच होत चाललेत, हे तेवढं तुमच्या बाईंना विचारा."

सापळ्यात कोण गर्दी करतंय हे तांडेलांना आता इथूनच कळत होतं. त्यांनी इंजिन चालू केलं, गरजेपेक्षा मोठ्याने.

पुढे वर्ष चालत राहिलं. वर्षाच्या मध्यावर तांडेल पुन्हा रंगात आले, कारण तेव्हाचं त्यांचं सगळं बरोबर निघत होतं. तारली मासळी आली म्हणाले, आली. बांगड्याची पिल्लं खडकाकडे असतील म्हणाले, होती. जून-जुलैत बाईंनी शेऱ्याचा रकाना उघडलाही नाही. पण जेलीफिश सप्टेंबरच्या शेवटी येईल असं त्यांनी सांगितलं, आणि पहिल्याच मंगळवारी जाळ्यात ती इतकी भरली की ते दोघांना मिळून उचलेना. ऑक्टोबरअखेर तारली निघून जाईल म्हणाले. नोव्हेंबरच्या फेरीत ती खुशाल चरत होती. डिसेंबरात शुकशुकाट म्हणाले, आणि मधल्या खोलगट भागात बांगडा सापडला. एकच, पण सापडला. शेरा: हा वाट चुकला असेल.

बाईंनी तो बांगडा पाण्यात सोडला. "वाट तर बरोबर धरली त्याने," त्या म्हणाल्या.

जानेवारीत बाईंनी तांडेलांना प्रयोगशाळेत बोलावलं. ती खोली लहान होती. भिंतीला लागून दोन बेसिन, एक सूक्ष्मदर्शक, बाटल्यांच्या रांगा, आणि खिडकीत वाळत घातलेले हातमोजे. तांडेल खुर्चीच्या कडेवर बसले, निकाल लागायच्या दिवशी शाळेत बसतात तसे.

"वर्षभरात तुम्ही छत्तीस गोष्टी सांगितल्यात," बाई म्हणाल्या. "एकोणीस बरोबर. सतरा चूक."

"म्हणजे पास."

"पास. पण मला बरोबर असलेल्या एकोणीसचं काही वाटत नाही. मला चुका आवडल्या."

तांडेलांचा चेहरा पडला. एवढी वर्षं त्यांनी चुका लपवण्यात घालवली होती, आणि इथे कुणाला तरी त्याच आवडल्या होत्या.

बाईंनी एक मोठा कागद टेबलावर पसरला. त्यावर बारा घरं आखली होती. प्रत्येक प्राण्यासाठी दोन रेघा: एक निळी, तांडेलांनी सांगितलेली, एक लाल, जाळ्याने दाखवलेली. "बघा. माणूस नुसता अंदाज मारत असेल तर कधी आधी चुकतो, कधी नंतर. तुमचं तसं नाही. सतरापैकी पंधरा चुका एकाच तऱ्हेच्या आहेत. जे येतात ते तुम्ही सांगता त्याच्या तीनेक आठवडे आधी येतात. जे जातात ते तुम्ही सांगता त्याच्या तीनेक आठवडे नंतर जातात."

तांडेल कागदावर वाकले. "आगाऊ पाहुण्यांसारखे," ते म्हणाले.

"अगदी तसेच. लवकर येतात आणि उशिरा उठतात. बंदराच्या कचेरीत पाण्याच्या तापमानाचे जुने आकडे आहेत, ते मी काढले. तुम्ही तरुण होतात तेव्हापासून पाणी तापायला लवकर लागतंय आणि निवायला उशीर होतोय. पण तेव्हा इथं कोण कधी येत होतं, हे कुणीच मोजून ठेवलेलं नाही. एक कागद नाही." बाईंनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "तुमच्या डोक्यात तेवढं आहे. तुम्ही चुकत नाही आहात, तांडेल. तुम्ही मला जुनी खाडी सांगताय. एका माणसाच्या आठवणीवर मी शास्त्र उभं करणार नाही, पण आकडे आणि तुमची आठवण एकाच दिशेला बोट दाखवतायत."

हे कौतुक होतं, पण तांडेलांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. जुनी. त्यांनी टोपी उचलली, "इंजिनचं तेल बघायचंय" म्हणाले आणि गेले. तेल त्यांनी आदल्या दिवशीच बदललं होतं.

चार दिवस ते घरात गप्प होते. बायकोने पहिले दोन दिवस मजेत घालवले, कारण एवढी शांतता तिला लग्नापासून मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने भाजी मुद्दाम अळणी केली. तांडेल निमूट जेवले. तेव्हा तिला काळजी वाटली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाईंनी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे."

"त्यांनी तुला सांगितलं?"

"नाही. मला आधीपासूनच ठाऊक आहे. एप्रिलच्या सुरुवातीपासून काट्यावर खेकडे चढतात, त्यात निम्म्या माद्या असतात, आणि त्यांची पोटं घासून आणलेली असतात. अंडी दिसली तर लोक नाक मुरडतात म्हणून हे लोक ब्रशने घासून काढतात. माझा भाऊही काढतो. मला काय दिसत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. सात वर्षांपूर्वी, याच खुर्चीत. तुम्ही म्हणालात काटा बिघडलाय."

"मी असं म्हटलं?"

"दुसऱ्या दिवशी माणूस आणून काटा तपासूनही घेतलात. तो म्हणाला काटा उत्तम आहे. तर तुम्ही म्हणालात, माणूस नवखा आहे."

तांडेलांनी गुडघा चोळला. दुखत नव्हता, पण हाताला काम हवं होतं. मग म्हणाले, "ती तारीख माझी आहे गं."

बायकोने या वेळी चिडवलं नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "दर वर्षी फळ्यासमोरून कसे चालता ते बघते ना मी."

फेब्रुवारीत बंदराची वार्षिक बैठक होती. बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबलचक खोली होती. खालून यंत्रांची थरथर खुर्च्यांमधून वर यायची आणि पायांना गारठा लागायचा. साठेक मच्छीमार जमले होते. टेबलामागे बंदर अधिकारी बसले होते, ज्यांना कुठल्याही बाजूचं काहीच म्हणायचं नसायचं आणि बैठक जेवणापर्यंत संपावी एवढीच इच्छा असायची.

बाईंनी भिंतीवर कागद लावला आणि सांगितलं: बंदी एक मेऐवजी आठ एप्रिलपासून करावी. निम्म्याहून जास्त माद्या बंदी लागायच्या आधीच पकडल्या जातायत. खेकडे कमी का होतायत, त्याचं हे एक कारण असू शकतं.

खोलीत जो आवाज उठला तो खालच्या यंत्रांपेक्षा मोठा होता. ऐन हंगामातले तीन आठवडे कोण सोडणार? बाईंना येऊन जेमतेम एक वर्ष झालं आणि त्या आम्हाला खाडी शिकवणार का? सगळ्यात पुढे मेहुणा होता.

"एका वर्षाच्या जाळ्यावरून तारीख बदलायची?" तो म्हणाला. "ही तारीख कागदावर बसून ठरवलेली नाही. आमच्या दाजींनी ठरवलेली आहे. चौदाव्या वर्षापासून पाण्यावर आहेत. ते तर बाईंचीच बोट चालवतात. दाजी, तुम्हीच सांगा यांना."

साठ माना मागे वळल्या. तांडेल शेवटच्या रांगेत बसले होते. शेजारी बायको होती; काटा बंद ठेवून ती बैठकीला पहिल्यांदाच आली होती. तांडेलांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. कुठल्याही पारड्यात काही टाकायचं नाही, असा तिचा चेहरा होता.

तांडेल उठले, खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि बाईंना म्हणाले, "वही द्या."

त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "फेब्रुवारी. मी म्हणालो, कोळंबीची पिल्लं नाहीत. निघाली दोनशे अठरा. मी म्हणालो, वारा उलटा होता." पान उलटलं. "मार्च. मी म्हणालो, माकूळ नाही. निघाली एकवीस. मी म्हणालो, चंद्राचा दोष."

मागून कुणीतरी फसकन हसलं.

"हसा," तांडेल वहीतून मान वर न करता म्हणाले. "मी त्या दिवशी रात्री उठून बघितलं होतं. चंद्राचा काही दोष नव्हता."

मग खोली हसायलाच लागली. तांडेल एकेक चूक वाचत गेले आणि एकेक कारण. जेलीफिश, तारली, वाट चुकलेला बांगडा. आयुष्यभर त्यांच्याकडून तारखा ऐकलेली माणसं डोळे पुसत होती. बंदर अधिकारीसुद्धा हसले आणि मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. एप्रिल तांडेलांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"एप्रिल," ते म्हणाले. आवाज जरा उतरला. "मी म्हणालो, अंड्यांची मादी एकही नाही. निघाल्या अठ्ठावीस. मी म्हणालो, बाईंनी जाळं नीट बांधलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "जाळं मी बांधलं होतं."

आता कुणी हसलं नाही.

"सव्वीस वर्षांपूर्वी मी सांगितलं ते खरं होतं. तेव्हा मेआधी येत नव्हत्या. आता येतात. मी बदललो नाही, पाणी बदललं. आणि तुम्हाला हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पोटं घासायचे ब्रश तुमच्याच बोटींवर आहेत." हे म्हणताना त्यांनी मेहुण्याकडे बघायचं टाळलं, त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं.

एक म्हातारा मच्छीमार सावकाश उठला. "म्हणजे कॅलेंडर, तू चुकलास असं म्हणतोस?"

"सतरा वेळा," तांडेल म्हणाले. "खाली सही आहे."

म्हातारा खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हा चुकलो म्हणतोय म्हणजे खरंच काहीतरी झालेलं असणार."

खोलीचं मन वळलं ते त्या कागदाने नव्हे, या वाक्याने, असं बाई नंतर हसत सांगायच्या. तरी वाद तासभर चालला. मेहुण्याने आठ एप्रिलला साफ नकार दिला, पण त्याचा आवाज निघत नव्हता, कारण बहीण आता सरळ त्याच्याकडे बघत होती. शेवटी पंधरा एप्रिल ठरली, आणि तीही तीन वर्षांसाठी, मग पुन्हा बघू. बाईंना आठ हवी होती. त्या खट्टू झाल्या, पण तांडेलांनी त्यांना समजावलं की या खोलीत पंधरा दिवस मिळणं म्हणजे बाहेर पंधरा वर्षं मिळण्यासारखं आहे.

जिना उतरताना मेहुणा तांडेलांच्या बाजूला आला. "दाजी, घरातलं भांडण घरात ठेवायचं होतं."

"घरातच होतं," तांडेल म्हणाले. "सात वर्षं."

त्या एप्रिलमध्ये मेहुण्याने बोट ओढून काठावर घेतली आणि हाताला काम नव्हतं म्हणून तिला एकदा हिरवा आणि एकदा पांढरा रंग दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा की विज्ञानामुळे आपण रंगारी झालो. सापळे सुकत पडले होते. बहिणीने एक दिवस शेडमध्ये जाता जाता सापळ्यांजवळ पडलेला पोटं घासायचा ब्रश उचलला आणि घेऊन गेली. तिच्या मोरीला तो बरोबर कामाला आला.

बाईंची मोजणी दुसऱ्या वर्षीही चालू होती. ऑगस्टच्या फेरीत तोंडाशी खेकड्यांची पिल्लं आदल्या वर्षापेक्षा थोडी जास्त दिसली. बाईंनी बजावलं की एका वर्षावरून काहीही म्हणता येत नाही, हे कुणाला सांगू नका. तांडेलांनी संध्याकाळपर्यंत फक्त सात जणांना सांगितलं.

सप्टेंबरातल्या पहिल्या मंगळवारी तांडेलांनी बायकोला बोटीवर यायला सांगितलं. ती म्हणाली, तिथं माझं काय काम. ते म्हणाले, काही नाही, नुसती ये. अठ्ठावीस वर्षं समुद्रातली प्रत्येक वस्तू हातातून गेलेली ती बाई कधी बोटीतून खाडीत गेली नव्हती. कुणी नेलं नव्हतं, आणि तिलाही कधी सवड झाली नव्हती.

खडकापाशी जाळं वर आलं आणि ट्रेमध्ये ओतलं. ती सवयीने पुढे झुकली, वजन किती भरेल याचा अंदाज घेतल्यासारखी, आणि तशीच थांबली. ट्रेमध्ये एक माकूळ होतं. काट्यावर तिने हजारो पाहिली होती, पांढरी, ओली, मऊ. हे तपकिरी होतं. बघता बघता त्याच्या अंगावर ठिपके पसरले, मग ते लालसर झालं, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमक धावत गेली. शेजारी बोटभर समुद्रघोडा शेपटीने शेवाळाला धरून उभा होता, आणि एक लेपा रंग बदलून ट्रेच्या तळासारखा दिसायचा प्रयत्न करत होता.

"हे असं असतं?" ती म्हणाली.

बाई काही सांगणार होत्या, पण त्यांनी तांडेलांकडे पाहिलं आणि थांबल्या. तांडेलांकडे माकुळाबद्दल सांगण्यासारखं निदान तासभराचं होतं. ते बोलले नाहीत. बायकोने हात पुढे केला, मागे घेतला, मग पाण्यात बोट बुडवून माकुळाच्या अगदी जवळ धरलं. माकूळ गडद झालं, मग हळूहळू फिकं झालं.

"मी आजवर यांना फक्त वजनात ओळखत होते," ती स्वतःशीच म्हणाली.

मोजणी झाल्यावर बाईंनी ट्रे कडेला नेला आणि विचारलं, "तुम्ही सोडता का?" तिने ट्रे तिरपा केला. लेपा गेला, समुद्रघोडा शेवाळासकट गेला. माकूळ क्षणभर पाण्याच्या वरच्या थरात थांबलं आणि एका झटक्यात खाली गेलं, जाताना शाईचा एक ढग मागे ठेवून.

"शर्टवर नाही आली," तांडेल म्हणाले.

"माणूस बघून सोडतं ते," ती म्हणाली, आणि तो ढग विरेपर्यंत कठड्याला धरून बघत राहिली. तांडेलांनी इंजिन चालू करायची घाई केली नाही.